अध्यक्षाला त्याच्याच पक्षानं अडवलं तेव्हा

अमेरिकेचा अध्यक्ष म्हटला की मनात येतं, वाटेल ते करील असा माणूस. सरसेनापती तो, मंत्री नेमणार तो. पण तिजोरीची किल्ली त्याच्या हाती नाही. पैसा मंजूर करायचा काँग्रेसनं, कायदा करायचा काँग्रेसनं. (काँग्रेस हे तिथल्या संसदेचं नाव, पक्षाचं नव्हे, आपल्याकडे यात नेहमी घोटाळा होतो.) अध्यक्षानं एखादं विधेयक नाकारलं, तरी दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी ते पुन्हा मंजूर केलं की कायदा होतोच.

पण सभागृहांत अध्यक्षाच्याच पक्षाचं बहुमत असेल, तर हा लगाम ओढणार कोण?

१९३७ सालची हकीकत ऐका. आदल्या वर्षी फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून दुसऱ्यांदा निवडून आले होते. सिनेटमध्ये तीन-चतुर्थांशाहून अधिक सभासद त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे. सुप्रीम कोर्टानं मात्र त्यांचे काही महत्त्वाचे कायदे घटनाबाह्य ठरवले होते. रूझवेल्टनी तोड काढली : सत्तरी उलटूनही जो न्यायाधीश निवृत्त होणार नाही, त्याच्या जोडीला एक नवा नेमायचा. असे जास्तीत जास्त सहा, म्हणजे ९ चे १५. वृद्धांचा भार हलका करायचा, हे सांगायचं कारण. खरं कारण शेंबड्या पोरालाही कळत होतं.

विरोधाला पुढे झाले मोंटॅनाचे बर्टन व्हीलर, रूझवेल्टच्याच पक्षाचे. सिनेटच्या समितीनं १० विरुद्ध ८ मतांनी प्रतिकूल अहवाल दिला. त्या दहांत सात डेमोक्रॅट होते. दरम्यान कोर्टाचाही कल बदलला होता, त्यामुळे अनेकांना योजनेची निकडच वाटेना. २२ जुलैला सिनेटनं ७० विरुद्ध २० मतांनी विधेयक समितीकडे परत धाडलं. तिथंच ते संपलं.

हे धाडस आलं कुठून? आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं पक्षादेश मोडणाऱ्याचं सभासदत्वच जाऊ शकतं. तिकडे तसा कायदा नाही. शिवाय पक्षाची उमेदवारी वरून मिळत नाही. 'प्रायमरी' नावाच्या प्राथमिक निवडणुकीत राज्यातले मतदारच ती देतात. १९३८ मध्ये रूझवेल्ट स्वतः जॉर्जियात गेले आणि सिनेटर वॉल्टर जॉर्ज यांना पाडा, असं त्यांच्याच देखत सांगून आले. जॉर्ज निवडून आले! साउथ कॅरोलायना आणि मेरिलँडमध्येही तेच झालं.

पण ही सुरी दुधारी आहे बरं का. प्रायमरीतला मतदार अध्यक्षाचाच भक्त असेल, तर? जानेवारी २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहातल्या दहा रिपब्लिकन सभासदांनी आपल्याच पक्षाचे अध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोग आणण्याच्या बाजूनं मत दिलं. पुढच्या महिन्यात सिनेटमध्ये ५७ मतं पडली, लागत होती ६७, ट्रम्प सुटले. २०२२ ची निवडणूक आली तेव्हा त्या दहांपैकी चौघांनी उमेदवारीच केली नाही, चौघे प्रायमरीत पडले. सभागृहात परत आले ते दोघेच.