टाकी घासल्याशिवाय कूलंट टिकत नाही

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे पिंपरीकरांची एचए कंपनी, 1954 साली स्थापन झाली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिन बुरशीपासून मिळते आणि ती बुरशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवावी लागते. अशा टाकीत शिरणारे काही जीवाणू पेनिसिलिन फोडून टाकणारे विकर तयार करतात. ते घुसले की घाणा वाया जातो. म्हणून टाकी, नळ्या आणि व्हॉल्व्ह दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून मगच काम सुरू होते. जंतू मारणारे औषध जिथे बनते, तिथेही टाकीची स्वच्छता त्या औषधावर सोपवत नाहीत. दवाखान्यात मात्र आपण नेमकी तीच अपेक्षा धरून बसतो.

चाकण-भोसरीच्या मशीन शॉपमध्ये याचा रोजचा पुरावा मिळतो. सीएनसी मशीनवर वापरायचे कूलंट म्हणजे बहुतेकदा पाण्यात मिसळलेले तेल. साप्ताहिक सुट्टीत मशीन बंद राहिले, वर गळतीच्या तेलाचा तवंग साचला आणि हवा तुटली, की तळाशी हवेविना जगणारे जीवाणू फोफावतात. कामावर आल्या आल्या सडक्या अंड्यांचा वास येतो. कूलंट बदलले तरी थोड्याच दिवसांत पुन्हा वास. जंतुनाशक ओतले की काही काळ बरे, मग पुन्हा तेच. कारण जीवाणूंचा मुख्य मुक्काम द्रवात नसतोच. टाकीच्या भिंतीवर, नळ्यांच्या आत, तळाशी बसलेल्या धातूच्या किसाखाली त्यांचा बुळबुळीत थर असतो आणि नवे कूलंट येताच तिथूनच लागण होते. मुरलेला मेंटेनन्सवाला म्हणूनच आधी टाकी रिकामी करतो, खरवडतो, नळ्यांतून क्लीनर फिरवतो आणि मग नवा माल भरतो.

या थराला बायोफिल्म म्हणतात. दातांवरचे कीटणही तेच. जीवाणू पृष्ठभागाला चिकटतात, शर्करा, प्रथिने आणि डीएनए यांचा चिकट गर स्वतःभोवती रचतात आणि त्यात वस्ती करतात. पृष्ठभाग लोखंडाचा असो, लघवीच्या नळीचा असो की मोडलेल्या मांडीत बसवलेल्या रॉडचा, त्यांना फरक पडत नाही. काही औषधे या गरात अडकतात, पण बचावाचे मोठे कारण वेगळे आहे. थराच्या तळाशी अन्न आणि प्राणवायू कमी पोचतो, त्यामुळे तिथले जीवाणू जवळजवळ वाढतच नाहीत. पेनिसिलिनसारखी औषधे वाढत्या जीवाणूची भिंत बांधली जात असताना घाव घालतात. बांधकामच थांबले असेल तर घाव कुठे बसणार? जोसेफ बिगर या शास्त्रज्ञाने 1944 मध्येच दाखवले होते की पेनिसिलिनच्या माऱ्यातून स्टॅफिलोकोकसच्या काही पेशी वाचतात आणि त्यांची पुढची पिढी मात्र त्याच औषधाने पूर्वीसारखीच मरते. म्हणजे वाचलेल्या पेशी चिवट होत्या, प्रतिरोधक नव्हत्या.

हा फरक व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. कल्चरच्या रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेले असते, गोळ्या चालू असताना पू थांबतो, बंद केल्या की जखम पुन्हा वाहते. मग घरचे म्हणतात, ‘डॉक्टर, जरा हाय पॉवरचे द्या.’ पण ती चाचणी थरात न राहणाऱ्या, मोकळ्या वाढणाऱ्या जीवाणूंवर झालेली असते. थरातल्या जीवाणूंना मारायला कधी कधी शेकडो पट मात्रा लागते आणि ती रोग्याला झेपत नाही. वाढत्या ‘पॉवर’चा हा जिना चढण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी थर मोडायचा किंवा तो ज्यावर बसलाय ती वस्तूच काढायची, औषध त्यानंतर.

यावर कुणी म्हणेल, खरा धोका जनुकीय प्रतिरोधाचा आहे, बायोफिल्मचे कौतुक कशाला? 2019 मध्ये जगभरात प्रतिरोधक जीवाणूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा अंदाज 12.7 लाख आहे, तेव्हा आक्षेप पोकळ नाही. पण दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात. थरात जीवाणू खेटून राहतात, त्यामुळे प्रतिरोधाची जनुके एकमेकांना देणे सोपे जाते. आणि न बऱ्या होणाऱ्या संसर्गावर महिनोन् महिने औषधांचा मारा झाला, की त्यातून तगणाऱ्यांचीच निवड होत राहते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: माणूस म्हणजे टाकी नव्हे. लघवीची नळी बदलता येते, पण हाड जुळायच्या आत प्लेट कशी काढणार? ती नेहमी काढावी लागतही नाही. संसर्ग नवा आणि प्लेट घट्ट असेल, तर जखम उघडून सडका भाग काढतात, धुतात आणि थरातल्या जीवाणूंवरही चालणारे औषध देतात. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात अशा सफाईनंतर रिफाम्पिसिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे दोन्ही घेऊन उपचार पूर्ण करणारे 12 पैकी 12 रुग्ण बरे झाले. नुसत्या सिप्रोफ्लॉक्सासिनवर 12 पैकी 7. आकडे लहान आहेत, आणि ही जोडी स्टॅफिलोकोकसपुरतीच. शिवाय रिफाम्पिसिन हा आपल्याकडे क्षयाच्या उपचाराचा कणा. एकटे दिले तर स्टॅफिलोकोकस त्याला झटपट दाद देईनासा होतो, आणि लपलेला क्षय असेल तर तोही त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून क्षयाची शंका फिटल्यावर, दुसऱ्या औषधाच्या जोडीने आणि शस्त्रक्रियेनंतरच ते वापरायचे. दुकानातून परस्पर तर नाहीच.

गर विरघळवणारी विकरे आणि जीवाणू खाणारे विषाणू, म्हणजे फाज, यांच्याकडून मोठ्या आशा आहेत. फाजचा वापर जॉर्जियात अनेक दशके होतो, पण प्रत्येक रोग्याच्या जीवाणूला जुळणारा फाज शोधावा लागतो. चाकणच्या अपघातग्रस्त कामगाराला तो उद्या मिळेल असे सांगणे फसवणूक ठरेल. त्याच्यासाठी आजची मौल्यवान वेळ वेगळीच आहे. हात प्रेसखाली सापडून हाड उघडे पडले, की पहिल्या काही तासांत जीवाणू अजून मोकळे असतात आणि थर पक्का झालेला नसतो. त्या वेळी सेफाझोलिनसारखे जुने, स्वस्त इंजेक्शनही पुरेसे प्रभावी ठरू शकते, अट एवढीच, की ते लवकर टोचले जावे आणि जखम ऑपरेशन थिएटरमध्ये नीट धुतली जावी. नियोजित शस्त्रक्रियेतही ते चीर देण्याआधीच्या तासाभरातच द्यायचे असते. टाके घातल्यानंतर आठवडाभर गोळ्या चालू ठेवून ती चुकलेली वेळ भरून निघत नाही.