शिकून गेलेला फेलो पाड्याला काय देऊन गेला?

दवाखान्याच्या कामाबरोबरच गेले वर्षभर आपली माणसे सरकारच्या एका सार्वजनिक आरोग्य फेलोशिपबद्दल अभिप्राय गोळा करत आहेत, हे मागच्या अंकातल्या कार्यवृत्तात आपण वाचले असेल. त्यावर काही देणगीदारांची पत्रे आली. सरकारी प्रशिक्षणाची परीक्षा घेणे हे मिशनचे काम आहे का, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. हे काम माझ्याकडे असल्यामुळे उत्तरही मीच लिहावे असे ठरले.

आधी ही फेलोशिप म्हणजे काय ते सांगतो. एखाद्या गावात जुलाबाची किंवा तापाची साथ आली तर ती कशामुळे आली, कुणाला झाली, कुणाला नाही झाली, हे शोधून काढणारी माणसे सरकारी यंत्रणेत असावी लागतात. अमेरिकेत यासाठी १९५१ साली 'एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस' सुरू झाली. त्याच धर्तीवर १९८० मध्ये थायलंडने आणि पुढे अनेक देशांनी असे कार्यक्रम उभे केले. आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत २००१ पासून आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ पासून असे दोन वर्षांचे शिक्षण दिले जाते. जिल्हा-तालुक्याच्या कर्मचाऱ्यांसाठी तीन महिन्यांचे छोटे अभ्यासक्रमही आहेत. या सगळ्यांत वर्ग थोडा आणि शिवार जास्त: साधारण चतुर्थांश वेळ शिकवणीत, बाकीचा प्रत्यक्ष कामात. साथीचा तपास, रोगनोंदीचे विश्लेषण, एखादा स्वतंत्र अभ्यास, हेच त्यांचे परीक्षेचे पेपर.

म्हणजे आपले पाडे हीच त्यांची शाळा. आणि ज्या शाळेत ते शिकतात तिला कुणी काही विचारत नाही, इथूनच आपला संबंध सुरू होतो.

प्रशिक्षणाचे मूल्यमापन करणाऱ्यांत डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांची १९५९ साली मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत अजून चालते. शिकणाऱ्याला शिक्षण कसे वाटले, तो काय शिकला, कामावर परतल्यावर त्याच्या वागण्यात काय बदलले आणि त्याचा शेवटी काय परिणाम झाला. पहिल्या दोन पायऱ्या सोप्या असतात. शेवटच्या दिवशी चहाबरोबर कागद वाटायचे, एक ते पाच गुण द्यायला सांगायचे. 'व्याख्याते उत्तम, जेवण बरे, निवास सुधारावा' एवढे त्यातून कळते. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीसाठी मात्र उन्हात जावे लागते.

चौथी पायरी किती निसरडी आहे याचे मोठे उदाहरण बिहारमधल्या मुझफ्फरपूरचे. तिथे दर उन्हाळ्यात लहान मुले पहाटे झटके येऊन दगावत. २०१४ च्या हंगामात दोन रुग्णालयांत दाखल झालेल्या ३९० मुलांपैकी १२२ गेली. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने अमेरिकी तज्ज्ञांबरोबर बारकाईने तपास केला. रात्री उपाशी झोपलेल्या, लिची खाल्लेल्या मुलांची रक्तातली साखर एकदम उतरते, हे त्यातून पुढे आले. उपायही साधे निघाले: लिची कमी, रात्रीचे जेवण चुकवू नये, झटका आलेल्या मुलाला लगेच ग्लुकोज द्यावे. तपास म्हणून हे काम पहिल्या प्रतीचे. तरीही २०१९ मध्ये त्याच जिल्ह्यात पुन्हा शंभराहून अधिक मुले गेली. कारण सापडणे आणि ते दरवर्षी प्रत्येक घरापर्यंत पोहोचणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर शिकणाऱ्याच्या गुणपत्रिकेत कुठेच दिसत नाही.

आता सातपुड्यात येऊ. धडगाव भागातल्या एका पाड्यावर पावसाळ्यात जुलाबाची साथ आली होती. एक फेलो आला, घरोघर फिरला, आजारी आणि निरोगी माणसांची तुलना केली, कोण कुठले पाणी पिते ते विचारले. खालच्या अंगाच्या झिऱ्याचे पाणी दूषित असल्याचे त्याने बरोबर शोधले. अहवाल जिल्ह्याला गेला, प्रशिक्षण संस्थेला गेला, त्याला चांगले गुण मिळाले असे ऐकतो. आम्ही काही महिन्यांनी त्याच पाड्यावर अभिप्रायासाठी गेलो तेव्हा बायका त्याच झिऱ्यावर हंडे भरत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "पोरगा चांगला होता. लई विचारत होता. पण सांगितलं काही नाही." त्याने सांगितले होते, पण ग्रामपंचायतीत, मराठीत, आणि त्या दिवशी या पाड्यावरचे कुणीच तिथे नव्हते. ग्रामपंचायत दोन डोंगर पलीकडे आहे.

हे वाक्य ऐकायला मिळाले तेही सरळ नाही. 'फेलोच्या कामाबद्दल तुम्ही समाधानी आहात का?' असे विचारले की पाड्यावर एकच उत्तर येते: चांगला होता. पाहुण्याला नावे ठेवायची नाहीत, ही रीत. शिवाय कागद-पेन घेऊन आलेला माणूस म्हणजे घरकुलाची नाही तर रेशनची यादी, असा पक्का समज. एका कारभाऱ्यांनी तर सगळे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी, "मग घर कधी मिळणार?" असे विचारले. म्हणून आम्ही मत विचारणे जवळजवळ सोडून दिले. घडले काय तेवढे विचारतो. तो पुन्हा आला का? काय सापडले ते कुणी सांगितले? कुठल्या बोलीत? त्यानंतर पाणी कुठून आणता? टीसीएल कोण टाकते, शेवटची कधी टाकली? नाव लिहून घेत नाही, आणि या बोलण्याचा कुठल्याही योजनेशी संबंध नाही, हे पावरीत आधी सांगतो. बायकांशी बाईच बोलते, झिऱ्यावर किंवा चुलीपाशी, कारभाऱ्यांच्या ओट्यावर नाही.

वेळेचाही हिशेब असतो. संस्थेला अभिप्राय डिसेंबरात हवे होते, कारण त्यांचे सत्र तेव्हा संपते. दिवाळीनंतर इथली अर्धी घरे ऊसतोडीला गेलेली असतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि कुलपे. तेव्हा घेतलेला अभिप्राय हा गावाचा अभिप्राय नव्हे. होळीला माणसे परततात, भोंगऱ्याचे बाजार भरतात, तेव्हा सगळी भेटतात. फेरी होळीनंतर घ्यावी यासाठी बरीच पत्रापत्री करावी लागली. शेवटी मान्य झाले.

आशाताई आणि उपकेंद्राच्या सिस्टर यांचे म्हणणे आम्ही वेगळे ठेवतो. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: फेलो आला की त्याला वाट दाखवायची, दुभाषा व्हायचे, याद्या काढून द्यायच्या, हे सगळे त्यांच्याच डोक्यावर, आणि स्वतःचे काम थांबत नाही ते वेगळेच. पण त्याच हेही सांगतात की एका फेलो बाईंनी त्यांना रुग्णयादी भरायला शिकवले आणि पुढच्या साथीत त्यांनी ती स्वतः भरून तालुक्याला पाठवली. माझ्या मते संबंध वर्षात मिळालेली सर्वांत मोलाची नोंद हीच. फेलोची बदली होते, आशाताई तिथेच राहते.

खुद्द फेलोंचे अभिप्राय घेणे अधिक अवघड. 'नाव गुप्त राहील' असे छापून काही होत नाही, कारण तुकडी लहान असते. आपल्या मार्गदर्शकाने वर्षभरात एकदाही शिवार पाहिले नाही असे कुणी लिहिले, तर ते कोणी लिहिले हे संस्थेत सगळ्यांना कळते. आणि प्रमाणपत्रावर सही त्याच मार्गदर्शकाची असते. म्हणून आम्ही सुचवले की दोन-तीन तुकड्यांचे अभिप्राय एकत्र करून मगच संस्थेला द्यावेत, मुलाखत संस्थेबाहेरच्या माणसाने घ्यावी आणि तीही प्रमाणपत्र हातात पडल्यावर. पहिली सूचना स्वीकारली गेली. दुसऱ्या दोन विचाराधीन आहेत. सरकारी भाषेत विचाराधीन म्हणजे काय ते आपण जाणताच.

परिणाम मोजायला आकडेही लागतात. साथ सात दिवसांत लक्षात यावी, एका दिवसात वर कळवली जावी आणि पुढच्या सात दिवसांत सुरुवातीचे आवश्यक उपाय पूर्ण व्हावेत, असे एक माप २०२१ पासून जगभर वापरात येत आहे. ते आपल्या भागाला लावून पाहायचे तर पहिला रुग्ण कधी आजारी पडला हे ठाऊक हवे. मोबाईलला रेंज नसलेल्या पाड्यांवर ते उपकेंद्राच्या रजिस्टरपेक्षा मिशनच्या दवाखान्यातल्या वहीत बरेचदा आधी सापडते. ती वही आपल्याकडे आहे, लोक आपल्याशी बोलतात, आपली माणसे पावरी बोलतात. या तीन गोष्टी राजधानीतून येणाऱ्या मूल्यमापकाकडे नसतात. देणगीदारांच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे. खर्च म्हणाल तर जीपचे डिझेल आणि कार्यकर्त्यांचा वेळ, बाकी काही नाही.

संस्थेने पुढच्या तुकडीपासून एक बदल केला आहे. तपास झालेल्या पाड्यावर फेलोने परत जाऊन, तिथल्या बोलीत, निष्कर्ष सांगायचा आणि तसे झाल्याची नोंद अहवालाला जोडायची. ती नोंद कागदावरच राहते की खरोखर कुणी जाते, हे या होळीनंतरच्या फेरीत आम्ही विचारणार आहोत. त्या झिऱ्याच्या पाड्यावरही जायचे आहे. पावरी आणि मराठी दोन्ही येणाऱ्या दोन कार्यकर्त्या मिळाल्या आहेत, तिसरी हवी आहे. कुणी माहितीत असल्यास दवाखान्याच्या पत्त्यावर जरूर कळवावे.