भावनांचा कायदा आणि जमावाचा निकाल

लेखनातून धार्मिक भावना दुखावणे हा भारतात 1927 पासून गुन्हा आहे. लाहोरच्या उच्च न्यायालयाने एका पुस्तिकेच्या प्रकाशकाला निर्दोष सोडले, त्यावरून असंतोष उसळला आणि ब्रिटिश सरकारने दंडसंहितेत कलम 295-अ घातले. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. हेतुपुरस्सर, दुष्ट बुद्धीने केलेला अपमानच त्यात बसतो, हेही बजावले. पुढे वाद होत राहिले. महाराष्ट्रात जमावानेच निकाल लावण्याची रीत पक्की झाली ती 2004 नंतरच्या दशकात, आणि तीही पुण्यात.

अमेरिकी अभ्यासक जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरून वाद पेटला, तेव्हा प्रकाशकांनी ते 2003 मध्येच मागे घेतले होते. तरीही 5 जानेवारी 2004 रोजी संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर हल्ला केला. कपाटे फोडली, पोथ्या आणि ग्रंथ जमिनीवर फेकले. संस्थेचा दोष एवढाच, की लेखकाने ऋणनिर्देशात तिचे नाव घेतले होते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या संस्थेची ही गत झाली आणि सरकारने काही दिवसांतच बंदी घातली ती पुस्तकावर. उच्च न्यायालयाने ती 2007 मध्ये उठवली, सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये तो निकाल कायम केला. हे पुस्तक कोणकोणत्या गटांत वैर निर्माण करते, हे सरकारला अधिसूचनेत सांगताच आले नव्हते. पण एवढ्या वर्षांत लेखक आणि प्रकाशक घ्यायचा तो धडा घेऊन बसले होते.

तो धडा 2009 मध्ये दिसला. महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे निर्वाचित अध्यक्ष आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ कादंबरीवर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले, तरी अध्यक्षपद सोडावे लागले. संमेलन अध्यक्षाविना पार पडले. साहित्यिकांच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठाने आपल्याच अध्यक्षाला एकटे पाडले, ही त्या दशकातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट होय. वारकऱ्यांना रागावण्याचा पूर्ण हक्क होता. कादंबरीला उत्तर लेखानेही देता आले असते.

गोष्ट पुस्तकांपुरती राहिली नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांचा जादूटोणाविरोधी कायदा ‘धर्मविरोधी’ म्हणून वर्षानुवर्षे अडवला गेला. मसुद्यात देवाधर्माला विरोध करणारे काही नाही, हे ते सभांतून सांगत राहिले. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी फिरायला गेले असता पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने त्याच कायद्याचा वटहुकूम काढला. फेब्रुवारी 2015 मध्ये कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या. दाभोलकर खटल्याचा निकाल मे 2024 मध्ये लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले.

त्याच वर्षी 1 जुलैला जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलम 295-अ आता 299 झाले. गाभा तोच, शिक्षाही तीन वर्षांपर्यंतचीच. धमकावून पुस्तक मागे घ्यायला लावणाऱ्या जमावासाठी वेगळे कलम या संहितेतही नाही.