सागरतळीचे देणे

सन 1989 मध्ये अमेरिकन चित्रपटकारांचे चित्त समुद्राच्या तळाशी असे काही गुंतले होते की, जानेवारीत 'डीपस्टार सिक्स', मार्चमध्ये 'लेव्हायथन' आणि ऑगस्टमध्ये जेम्स कॅमेरॉनचा 'द ॲबिस' असे एकाच कल्पनेचे तीन चित्रपट पाठोपाठ पडद्यावर आले. तिन्हींत सागरतळी वस्ती करून राहिलेली माणसांची तुकडी, तिन्हींत वरच्या जगाशी तुटलेला संबंध, आणि तिन्हींत कोणी ना कोणी अपरिचित जीव. पहिल्या दोहोंविषयी विस्ताराने लिहिण्याचे प्रयोजन नाही. त्यांतील राक्षस रबरी आहेत आणि विज्ञानही बहुतेक त्याच मालाचे आहे. 'द ॲबिस'ची गोष्ट मात्र निराळी. प्रेक्षकांना जे सर्वस्वी अशक्य वाटले ते त्यात अक्षरशः खरे होते, आणि जेथे असत्याचा आश्रय करणे भाग पडले तेथे तो जाणूनबुजून केलेला होता.

समुद्रात दर 10 मीटर उतरताना दाब एका वातावरणाएवढ्याने वाढतो, ही शालेय माहिती आहे. परंतु त्या दाबाखाली माणूस चिरडून मरतो अशी जी समजूत या चित्रपटांनी रूढ केली, ती पाणबुडीच्या पोलादी कवचाविषयी खरी असली तरी उघड्या पाण्यात उतरलेल्या पाणबुड्याच्या देहाविषयी खरी नाही. आपला देह बव्हंशी पाण्याचा असून पाणी दाबाने जवळजवळ आकुंचन पावत नाही. आकुंचन पावतो तो फुफ्फुसांत व कानांत कोंडलेला वायू. म्हणून पाणबुड्याला भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाचा वायू श्वासासाठी पुरवावा लागतो, आणि खऱ्या अनर्थाला तेथून आरंभ होतो. हवेतील नायट्रोजन 30 मीटरच्या आसपासच बुद्धीला गुंगी आणू लागतो. त्याच्या जागी हेलियम योजावा, तर 150 मीटरच्या पलीकडे हातापायांना कंप सुटू लागतो. फ्रान्समधील कोमेक्स कंपनीने 1992 साली हेलियममध्ये हायड्रोजन मिसळून एका पाणबुड्याला कोरड्या दाबकोठीत 701 मीटर खोलीइतक्या दाबापर्यंत नेले, आणि मानवी देहाची मजल तेथे थांबली.

त्याहून बिकट प्रकरण परतीचे. दाबाखाली रक्तात आणि मेदात विरघळत जाणारा वायू हे शरीराने समुद्राकडून काढलेले कर्जच होय. खाली असेपर्यंत त्याचा तगादा नसतो, परंतु वर येताच साऱ्याची एकदम वसुली सुरू होते, वायूचे बुडबुडे रक्तवाहिन्यांत आणि मज्जारज्जूत अडकतात, आणि माणूस पंगू होतो किंवा दगावतो. ते फेडण्याची मुदतही मुक्रर आहे. दिवसच्या दिवस खोल पाण्यात राबणाऱ्यांना दर 30 मीटरला सुमारे एक दिवस आणि वर आणखी एक दिवस, इतक्या सावकाशीने दाब उतरवावा लागतो. शंभर मीटर खाली असलेल्या माणसाला पृष्ठभाग दिसावा इतका जवळ असला तरी तो चार दिवसांहून अधिक दूर असतो.

आता, वायूच नको आणि फुफ्फुसांत द्रवच भरावा, म्हणजे ऋणही नाही आणि वसुलीही नाही, हा विचार एखाद्या स्वैर कादंबरीकाराचा वाटेल. पण तो प्रयोगशाळेतला आहे. योहानेस किल्स्ट्रा यांनी 1962 साली प्रचंड दाबाने प्राणवायू मुरविलेल्या खारट पाण्यात उंदीर जिवंत ठेवून दाखविले, आणि 1966 साली लेलँड क्लार्क व फ्रँक गोलान यांनी नेहमीच्या दाबाखालीच फ्लुओरोकार्बन द्रवात उंदरांना श्वसन करावयास लावले. कॅमेरॉनने शाळकरी वयात अशा प्रयोगात स्वतःच्या फुफ्फुसात द्रव भरून घेतलेल्या एका पाणबुड्याचे व्याख्यान ऐकले, आणि त्यातून या चित्रपटाचे बीज पडले. चित्रपटात गुलाबी द्रवात बुडविलेला उंदीर धडपडत अखेर तो द्रव श्वासात घेऊ लागतो, तेथे कसलीही युक्ती नाही; तो उंदीर खरोखरच द्रव श्वासात घेत होता, आणि म्हणूनच ब्रिटनच्या परिनिरीक्षण मंडळाने प्राणिछळाच्या कारणास्तव ते दृश्य कापावयास लावले. पुढे तोच द्रव फुफ्फुसांत भरून खोल उतरणाऱ्या नायकाने मात्र शिरस्त्राणात श्वास रोखून अभिनयच केला.

माणसाचे घोडे अडते ते प्राणवायूपाशी नव्हे. हा द्रव प्राणवायू मुबलक धारण करतो, पण तो पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड आहे, आणि श्रम करणाऱ्या माणसाचा कार्बन डायऑक्साइड बाहेर वाहून नेण्यास मिनिटाला कित्येक लिटर द्रव आत-बाहेर खेळवावा लागेल. छातीच्या स्नायूंना ते ओझे पेलत नाही. या विद्येचा लाभ पाणबुड्याआधी भलत्यालाच झाला: 1989 मध्येच, फिलाडेल्फियात, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या न उमललेल्या फुफ्फुसांत असा द्रव प्रथमच भरण्यात आला.

चित्रपटाच्या अखेरीस तळावरची मंडळी परग्रहवासीयांच्या नौकेबरोबर क्षणार्धात पृष्ठभागी येतात, आणि दाब उतरविल्यावाचून आपण जिवंत कसे, असा प्रश्न त्यांच्यापैकीच एकीला पडतो. उत्तर एवढेच की, त्या पाहुण्यांनी काहीतरी केले असावे. मला हा दोष वाटत नाही. बाकीचे कथाकार ते देणे नसल्यासारखेच वागतात. कॅमेरॉनने ते दप्तरी नोंदले आणि मग चमत्काराने माफ केले.

चमत्कारावाचून काय होते, याचा दाखला मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवरच्या बॉम्बे हाय या सागरी तेलक्षेत्रात आहे. 27 जुलै 2005 रोजी, म्हणजे मुंबई पुरात बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी, 'समुद्र सुरक्षा' हे जहाज तेथील फलाटावर आदळले, वायुवाहिनी फुटून आग भडकली आणि 22 माणसे प्राणास मुकली. जळते जहाज सोडून सारे गेले, परंतु कामाच्या खोलीइतक्या दाबाखाली जहाजावरच्याच दाबकोठीत असलेल्या सहा पाणबुड्यांना जाता येईना. दार उघडणे हाच त्यांचा मृत्यू होता. सुमारे 36 तासांनंतर त्यांची सुटका झाली, आणि जहाज पुढे काही दिवसांत बुडाले. यावर चित्रपट काढण्याची तजवीज कोणी केलीच, तर निर्मात्याची पहिली तक्रार मला आत्ताच ऐकू येते: दीड दिवस नायकांनी काय करायचे ते पटकथेत लिहिलेलेच नाही.