धाकट्या तिघींचा प्रश्न

एका मुलाची आबाळ झाली, म्हणून त्याच घरातली बाकीची भावंडंही धोक्यात आहेत असं न्यायालयानं कशाच्या बळावर ठरवायचं? इंग्लंडच्या १९८९च्या चिल्ड्रेन ॲक्टमधलं कलम ३१ सांगतं की मुलाला गंभीर इजा होत असेल किंवा होण्याचा संभव असेल, तर सरकारला मध्ये पडता येतं. भांडण आहे ते या संभवावरून. १९९३मध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलीनं आईच्या जोडीदारावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. फौजदारी खटल्यातून तो सुटला, पण स्थानिक प्रशासनानं तिच्या तीन धाकट्या बहिणींना आपल्या देखरेखीखाली घेण्यासाठी केलेला अर्ज मागे घेतला नाही. न्यायाधीशांची पंचाईत अशी की थोरली खरं बोलत असण्याची शक्यता त्यांना स्पष्ट दिसत होती, पण आरोप शाबीत झाला असं म्हणवत नव्हतं. डिसेंबर १९९५मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये पाच न्यायाधीशांत तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. बहुमताच्या बाजूनं लॉर्ड निकल्स यांनी मांडलं, की दुर्लक्ष करता येणार नाही इतपत शक्यता पुरे. मात्र ती ज्या घटनांवर उभी करायची त्या घटना आधी सिद्ध झाल्या पाहिजेत. लॉर्ड ब्राउन-विल्किन्सन यांना हे मान्य नव्हतं. घटना सिद्ध झाली नाही तरी ती घडली असावी असं सुचवणाऱ्या अनेक गोष्टी एकत्र आल्या, की त्यावरून पुढचा धोका जोखता येतो, असं त्यांचं म्हणणं.

हे भिन्नमत वाचताना मन त्याच्याकडे झुकतं. पुरावा गोळा होईपर्यंत एखाद्या दोन वर्षांच्या मुलीनं काय करायचं? तरीही बहुमतच बरोबर होतं. नुसता संशय पुरेसा मानला, तर कुठलंही घर मोडता येईल आणि मुलांना घरातून उचलण्यानेही इजा होतेच. २०१३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हेच पुढे नेलं. त्या प्रकरणात एका आईचं आधीचं तान्हं मूल तिच्यामुळे दगावलं की तिच्या तेव्हाच्या जोडीदारामुळे, हे ठरलेलं नव्हतं. आई 'दोघांपैकी एक' आहे एवढ्यावरून तिच्या नव्या संसारातल्या मुलांना धोका आहे असं मानायला न्यायालयानं नकार दिला.

पण हे सारे निवाडे मारहाण आणि अत्याचाराच्या प्रकरणांतले. आबाळीत 'कुणी केलं' हे कोडं सहसा नसतंच. चुकलेल्या लसी, खाली घसरत गेलेला वजनाचा आलेख, शाळेच्या हजेरीपटावरचे खाडे यांच्या नोंदी असतात. म्हणजे निकल्स यांची अट इथे पेलायला सोपी. अवघड असतो तो अंदाज. तान्ह्याला उपाशी ठेवणारं घर तेरा वर्षांच्या मुलीला उपाशी ठेवीलच असं नाही. तिच्या कडेवर ते तान्हं देऊन तिची शाळा बुडवील. इजा दोघांनाही होते, पण वेगवेगळी. आपल्या २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २(१४) मध्ये यासाठी एक पोटकलम आहे: मूल ज्याच्याबरोबर राहतं त्या व्यक्तीनं दुसऱ्या एखाद्या मुलाची आबाळ केलेली असावी आणि या मुलाचीही होण्याचा वाजवी संभव असावा. मधल्या 'आणि'मुळे लॉर्ड्सना जे वाद घालून ठरवावं लागलं, ते इथे कायद्यातच लिहिलेलं आहे. बाल कल्याण समितीसमोर थोरल्याची फाइल जाड असली, तरी धाकट्याच्या बाबतीत 'आणि'नंतरचा दुसरा प्रश्न वेगळा विचारावा लागतो: त्याचं वय काय, त्याला कोण जेवू घालतं, शाळेत त्याची हजेरी किती?