रिकाम्या खुर्चीसमोरचे बोलणे

आई किंवा वडील गेले की त्यांच्यावरचा रागही जातो, असे होत नाही. उलट भांडायला समोर माणूसच उरत नाही, त्यामुळे तो आत मुरत राहतो. वाटणीतला दुजाभाव, मनाविरुद्धच्या लग्नानंतर बंद झालेले दार, शेवटच्या आजारपणात टाळलेली भेट, यातले काहीच तेराव्याबरोबर संपत नाही. अशा अर्धवट राहिलेल्या नात्यासाठी मानसोपचारात कल्पनेचा शिस्तशीर वापर करतात. त्यातली सर्वांत परिचित पद्धत रिकाम्या खुर्चीची आहे.

तिचे मूळ रंगमंचावर सापडते. व्हिएन्नात उत्स्फूर्त नाटकाचे प्रयोग करणारे डॉ. जेकब मोरेनो यांनी त्यातून मनोनाट्य ही उपचारपद्धती उभी केली. दोन व्यक्तींनी भूमिकांची अदलाबदल करणे हा तिचा गाभा होता. १९६०च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ फ्रिट्झ पर्ल्स यांनी कॅलिफोर्नियात खुर्चीचा वापर लोकप्रिय केला. पर्ल्स यांच्या प्रात्यक्षिकांत मात्र नाट्य जरा जास्तच असे. या तंत्राला पायऱ्या आखून देण्याचे आणि त्याची कसोटी लावण्याचे काम टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातले लेस्ली ग्रीनबर्ग व त्यांचे सहकारी यांनी केले.

सत्राची सुरुवात साधी असते. समोर एक खुर्ची मांडली जाते आणि समुपदेशक बारीकसारीक गोष्टी विचारतो. वडील कसे बसलेत? अंगात काय आहे? चेहऱ्यावर काय दिसते? चित्र डोळ्यांसमोर उभे राहिले की बोलणे सुरू होते, तेही थेट. ‘ते असे वागायचे’ असे सांगायचे नाही, ‘तुम्ही असे वागलात’ असे म्हणायचे. तक्रारीखालचे दुःख आणि त्याहून खालची, कधीच पुरी न झालेली गरज वर येईपर्यंत घाई करत नाहीत.

मग जागा बदलायची. समजा, एखादी बाई विचारते, “अण्णा, मला दहावीनंतर का शिकू दिलं नाहीत?” अण्णांच्या खुर्चीत बसून तीच उत्तर देते, “फीचे पैसे नव्हते. तुला सांगायची लाज वाटली.” हे उत्तर अर्थातच अण्णांचे नाही. लहानपणी तिने त्यांना सावकाराच्या ओट्यावर खाली मान घालून बसलेले पाहिलेले असते. त्या आठवणीला इतक्या वर्षांनी तोंड फुटते. पद्धतीचे खरे बळ या अदलाबदलीत आहे. नुसते बोलून मोकळे होण्याने एवढे साधत नाही. समुपदेशकाने स्वतःच्या पदरचे गोड उत्तर पुरवले, तर सगळा प्रकार खोटा पडतो.

मृताशी मोठ्याने बोलणे मराठी घरांना नवे नाही. दहाव्याला कावळा शिवेना की घाटावर उभी असलेली माणसे पिंडाकडे पाहून “धाकटीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नका” असे सांगतातच. मात्र तिथे मृताच्या इच्छेला शब्द दिला जातो, त्याला जाब विचारण्याची सोय नसते.

ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकारी पाइव्हिओ यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३४ जण होते. त्यांचे अपुरे हिशेब हयात किंवा मृत अशा जवळच्या व्यक्तींशी होते. नुसती माहितीपर सत्रे मिळालेल्या गटापेक्षा खुर्चीचा वापर झालेल्या गटात अधिक सुधारणा दिसली. मनोविकारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांनी दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकासाठी तयार केलेल्या उपचारात मृताशी काल्पनिक संवाद डोळे मिटून होतो. २००५च्या त्यांच्या चाचणीत ५१ टक्के रुग्णांना गुण आला. तुलनेसाठी घेतलेल्या उपचारात हे प्रमाण २८ टक्के होते. अर्थात हे श्रेय एकट्या संवादाचे नाही, कारण तो १६ सत्रांच्या उपचाराचा केवळ एक भाग होता.

समेट म्हणजे क्षमाच, असेही नाही. ग्रीनबर्ग यांच्या मांडणीत दोन शेवट मान्य आहेत: पालकाकडे माणूस म्हणून पाहता येणे, किंवा दोष त्याच्याच पदरात ठेवून स्वतः ताठ उभे राहणे. लहानपणी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झालेल्यांसाठी बहुधा दुसराच शेवट खरा असतो. त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्याच्या खुर्चीत बसण्याची सक्ती करत नाहीत. भ्रम, भास किंवा आत्महत्येचे विचार असतील, तर आधी मनोविकारतज्ज्ञाचे उपचार घ्यावे लागतात, आणि हा प्रयोग घरी एकट्याने करणे टाळावे.