बोरोबुदूरच्या वाटेवरचे सोबती

"मुसलमानांच्या मुलखात निघालात, तेही बायामाणसं घेऊन! तिथं तुम्हाला सांभाळणार कोण?" हा प्रश्न आम्हाला निघण्याआधी निदान पन्नास जणांनी विचारला असेल. विचारणारे सगळे आपलेच, मायेने विचारणारे. तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते. आता आहे. आम्हाला सांभाळले ते एका ड्रायव्हरने आणि एका गाईडबाईने. दोघेही मुसलमान, दोघेही पोटासाठी राबणारे. वाचकहो, आज लिहायचे आहे ते या दोघांविषयी. बोरोबुदूरच्या महास्तूपाची माहिती ओघाने येईलच.

त्याचे असे झाले. आमच्या चाळीत बऱ्याच वर्षांपासून भिशी चालते. तिच्यातून बुद्धगया झाली, सारनाथ झाले, कुशीनगर आणि लुंबिनीही झाली. मग कुणीतरी जावा बेटावरच्या बोरोबुदूरचे नाव काढले. आम्ही नऊजण तयार झालो. त्यात बेस्टमध्ये तीस वर्षे बस चालवून निवृत्त झालेले काका, आयुष्यभर परक्या घरची मुले सांभाळलेल्या थोरल्या अक्का, आणि कॉलेजात शिकणारी आमची पुतणी, म्हणजे आमची दुभाषी. कंपनीच्या सहली पाहिल्या, तर त्या बालीत चार दिवस घालवतात आणि बोरोबुदूरला अर्धा दिवस टेकतात. आम्हाला उलटे हवे होते. शिवाय तिघांचे गुडघे दुखरे, त्यांना झेंड्यामागे पळवणे जमणार नव्हते. म्हणून योग्यकर्ता शहरात पाच दिवसांसाठी ड्रायव्हरसह एक मोठी गाडीच ठरवली. खर्च नऊ ठिकाणी वाटला गेल्यावर तो कंपनीच्या सहलीहून कमीच पडला.

मुंबईहून तिथे थेट विमान नाही, मध्ये बदलावे लागते. व्हिसा विमानतळावरच मिळतो, त्याची फी पाच लाख! आकडा ऐकून एका वहिनींचा चेहरा उतरला. पण ते पाच लाख इंडोनेशियाचे रुपिया. आपल्या एका रुपयात तिथले दीडशेच्या वर येतात.

बाहेर आमच्या नावाची पाटी धरून एक पन्नाशीचा, बारीक चणीचा माणूस उभा होता. गाडीच्या मालकाने कळवले होते, "त्यांना पाक म्हणा." हे ऐकून काकांच्या भुवया वर गेल्या. पुतणीने खुलासा केला की पाक म्हणजे बापाक, म्हणजे बाप. तिकडे मोठ्या माणसाला असेच हाकारतात. तोही पहिल्या दिवसापासून अक्कांना 'ईबू' म्हणू लागला. ईबू म्हणजे आई.

काका पुढच्या सीटवर बसले ते पाचही दिवस तिथेच. तिकडेही गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग उजवीकडे. तासाभराने काकांनी मागे वळून शेरा दिला, "ब्रेकवर पाय कमी आहे याचा. चांगला ड्रायव्हर." बेस्टच्या माणसाकडून याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र आम्ही चुकलो. हॉटेल मोठे होते, पर्यटकांचे. आम्ही नऊजण एका लांब टेबलावर बसलो. भात आला, तळलेले टेम्पे आले, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या वड्या. कोवळ्या फणसाची गुळचट भाजीही आली, तिला गुदेग म्हणतात. जेवण अर्ध्यावर आले आणि अक्कांनी हात थांबवला.

"पाक कुठं जेवला?"

कुणाला ठाऊक नव्हते. पुतणी पाहून आली. हॉटेलच्या मागे ड्रायव्हर लोकांसाठी वेगळी पडवी होती, तिथे तो एकटा बसला होता. तिकडची ती रीतच आहे, हॉटेलवाले ड्रायव्हरना मागे बसवतात आणि कुणाला त्यात वावगे वाटत नाही. आमच्यातला एकजण तसे म्हणालाही. अक्का एका बंगल्यात अकरा वर्षे कामाला होत्या. तिथे त्यांचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे. त्या फक्त एवढेच म्हणाल्या, "मलाबी तितं रीतच सांगितली हुती." काकांनी मान खाली घातली. त्यांनीही लग्नाच्या स्पेशल बसगाड्या नेल्या होत्या आणि वऱ्हाड जेवत असताना बसमध्ये डबा उघडला होता.

संध्याकाळी पुतणीने पाकला आमच्यासोबत जेवायला सांगितले, तर तो संकोचला. त्याला वाटले, पाहुणे मागाहून मालकाकडे तक्रार करतील. शेवटी काकांनी तोड काढली : उद्यापासून मोठे हॉटेल बंद, जिथे तू जेवतोस तिथेच आम्ही जेवणार. मग आम्ही वारुंगमध्ये जेवू लागलो. वारुंग म्हणजे रस्त्याकडेची खाणावळ. जेवण चविष्ट, पैसे निम्मे, आणि पाक शेजारी बसून आमच्यासारखाच हाताने भात कालवून खायचा. कोणत्या पदार्थात मांस आहे हे तोच मालकिणीला विचारून आम्हाला सांगायचा.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, जाणाऱ्यांना उपयोगी पडेल. गाडी दिवसाच्या हिशेबाने ठरते. आमचा ठराव बारा तासांचा होता, पेट्रोल धरून. पार्किंग आणि प्रवेश तिकिटे आमची, वेळ वाढली तर तासाचे पैसे वेगळे. हे सगळे आधी लिहून घ्यावे, तोंडी बोलण्यावर राहू नये. दुसरे म्हणजे दुकाने. बाटिक कापडाची दुकाने, चांदीची दुकाने, महागड्या कॉफीची दुकाने यांत गाडी आपोआप वळते, कारण गिऱ्हाईक आणणाऱ्याला तिथे टक्केवारी मिळते. पाकनेही आम्हाला एकदा नेले. आमच्यातला तरुण पोरगा चिडला, "हा फसवतोय." काकांनी सरळ विचारले. पाकने सरळ सांगितले. गाडी त्याची नाही, मालकाची. रोजी तुटपुंजी, टक्केवारीतून मुलीची शाळा भागते. आम्ही म्हणालो, दुकानाला नेऊ नकोस, निघताना आम्ही तुझ्या हातात वेगळे देऊ. तो हसला. पुन्हा दुकान दिसले नाही.

शुक्रवारी नमाजासाठी थांबू का, हे त्याने आदल्या संध्याकाळीच विचारले होते. पाऊण तास तो मशिदीत होता. आम्ही बाहेरच्या टपरीवर बिनदुधाचा गोड चहा पीत बसलो. "तुम्ही कुठचे, कोणत्या धर्माचे?" असे टपरीवाल्या बाईने विचारले. पुतणी म्हणाली, "बुद्ध." बाईने उत्तरेकडे हात करून म्हटले, "बोरोबुदूर!" आणि हसून चहाचे पैसे घेतले. एवढेच. ज्या भीतीने आम्ही घर सोडले होते, तिचे काय झाले ते आम्हाला कळलेही नाही.

गाडीत भाषेची गंमत चाले. तिकडे शिक्षकाला गुरु, माणसाला मानुसिया, गावाला देसा, किल्लीला कुंची आणि 'कारण'ला कारेनाच म्हणतात. एके दिवशी पाकने विचारले, तुमच्याकडे पंचसिला आहे का? आम्ही सगळे सरसावून बसलो. अक्कांनी पाणातिपातापासून पाचही शीले हात जोडून म्हटली. त्याने गाडी चालवता चालवता त्याची पाच म्हटली. ती निराळी निघाली. १९४५ साली स्वतंत्र झालेल्या त्या देशाने राज्यकारभाराची पाच तत्त्वे ठरवली, त्यांना सुकार्णोंनी पंचसिला हे नाव दिले. एकच ईश्वर, माणुसकी, देशाची एकता, लोकशाही, सामाजिक न्याय. शाळेतली मुले झेंडावंदनाला ती म्हणतात. पहिल्या तत्त्वावर आमच्या काकांनी वाद घालायची तयारी केली होती, पण पुतणीने तर्जुमा करायला नकार दिला.

बोरोबुदूर शहरापासून चाळीसेक किलोमीटर. वाटेत आधी मेंदुतचे छोटे मंदिर लागते. आत तथागतांची सुमारे तीन मीटर उंचीची पाषाणमूर्ती आहे, पाय खाली सोडून बसलेली. आम्ही तिथे मनातल्या मनात त्रिसरण म्हटले. बाहेर भिंतीवर दोन हंसांनी काठीला धरून उडवत नेलेले कासव कोरले आहे. ती गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक आहेच.

गाईडबाई तिथेच भेटली. डोक्याला रुमाल बांधलेली, तिशी-पस्तिशीची, बोरोबुदूरच्या पायथ्याच्या गावातलीच. स्तूपावर चढायचे तर गाईडशिवाय सोडत नाहीत, आणि माणसेही मोजून सोडतात. पायातले काढून केवड्याच्या जातीच्या पानांच्या विणलेल्या चपला घालाव्या लागतात, म्हणजे दगड झिजत नाही. त्या चपलांचे नाव उपानत. त्या आपल्याला घरी नेता येतात.

बाराशे वर्षांपूर्वी शैलेंद्र राजांच्या काळात हे उभे राहिले. खाली सहा चौकोनी थर, वर तीन गोल, त्यांवर बहात्तर जाळीदार स्तूप आणि मधोमध मोठा स्तूप. मूळच्या ५०४ बुद्धमूर्ती. त्यांतल्या तीनशेहून अधिक खंडित आहेत, बहुतेकींना शिर नाही. १८९६ साली डच सरकारने सयामच्या राजाला इथल्या मूर्ती आणि शिल्पे आठ गाड्या भरून भेट दिली, हे बाईने सांगितले तेव्हा तिचा आवाज थोडा चढला. "१८१४ साली इंग्रजांनी हे शोधले म्हणतात. आमच्या गावाला ते ठाऊकच होते," असेही ती म्हणाली.

पहिल्या सज्जात तथागतांचे चरित्र १२० शिल्पांत आहे. बाई आम्हाला प्रदक्षिणेच्या वाटेने नेत होती. महामायेचे स्वप्न, चार दृश्ये, मध्यरात्रीचे गृहत्याग, केस कापणे, सुजातेची खीर, शेवटी वाराणसीचे पहिले प्रवचन. सुजातेजवळ अक्का थांबल्या. बाई इंग्रजीत सांगू लागली, तो अक्का मराठीत पुढचे सांगू लागल्या. पुतणीला तर्जुमा करायला वाव राहिला नाही. बाई गप्प राहून ऐकत होती आणि अक्का चुकल्या नाहीत हे तिच्या मान हलवण्यावरून कळत होते. "तुम्ही हे कुणाकडून शिकलात?" आम्ही विचारले. तिचे वडील १९७३ ते १९८३ च्या दुरुस्तीत दगड वाहत होते. लाखो दगड उतरवून, धुऊन, नंबर घालून पुन्हा बसवले त्या लोकांनी. घरी रोज तेच बोलणे.

वर पोचलो तेव्हा तीनचा सुमार होता. एका स्तूपाचा दगड नवा दिसला म्हणून काकांनी विचारले. बाईने लपवले नाही. "२१ जानेवारी १९८५ ला इथे बॉम्ब लावले. नऊ स्तूप फुटले. लावणारे माझ्या धर्माचे होते." मग तिने समोरच्या मेरापी डोंगराकडे बोट केले. २०१० साली तो ज्वालामुखी उसळला, साडेतीनशेच्या वर माणसे मेली आणि हा सगळा स्तूप राखेने भरला. "आम्ही गावकऱ्यांनी ब्रश आणि बादल्या घेऊन एक एक दगड साफ केला. मीही होते. नाकातून कित्येक दिवस राख येत होती."

तेवढ्यात खालच्या गावातून बांग सुरू झाली. बाई बोलायची थांबली. आम्हीही थांबलो. मोठ्याने वंदना म्हणायची तर आधी परवानगी काढावी लागते, ती आम्ही काढली नव्हती. म्हणून त्या बांगेच्या आवाजात नऊजण नुसते हात जोडून उभे राहिलो. ती संपल्यावर बाई म्हणाली, "वैशाख पौर्णिमेला या. १९८३ पासून त्या दिवशी साऱ्या देशाला सुट्टी असते. मेंदुतपासून इथवर भिक्खूंची मिरवणूक येते. रस्त्याच्या कडेला आम्हीच उभे असतो."

परतीच्या पहाटे पाक वेळेआधी हजर होता. वाटेत तो आपल्या घराविषयी बोलला. २००६ च्या भूकंपात बांतुलमधले त्याचे घर पडले होते. शेजाऱ्यांनी मिळून आधी एकाचे, मग दुसऱ्याचे असे करत सगळ्यांची घरे उभी केली. विमानतळावर काकांनी ठरलेले पाकीट त्याच्या हातात दिले. त्याने ते न मोजता खिशात घातले, हात छातीला लावला आणि म्हणाला, "सौदारा." पुतणीने फोनमध्ये पाहिले : भाऊ. "सहोदर रे!" अक्का म्हणाल्या. शब्द त्यांना आधीच कळला होता.

आमची बोचकी त्याने एकेक करून ढकलगाडीवर रचली, अक्कांची सर्वात वर. मग तो घाईघाईने दुसऱ्या दाराकडे गेला. त्याच्या काखेत पुढच्या पाहुण्यांच्या नावाची पाटी होती.